काळ्या खोलीबाहेरच्या चपला

१

सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी अर्पितानं काळ्या खोलीची लोखंडी दांडी वर उचलली, जड दार ओढलं, आणि तिला सगळ्यात आधी दिसल्या त्या चपला. तपकिरी, एकीचा अंगठा शिवलेला. एकमेकींना चिकटून, नीट मांडून ठेवलेल्या.

चपलांच्या पलीकडे मोजण्या करणारा नागेश पडलेला होता.

कानशिलावरचं रक्त वाळून काळं झालं होतं. टेबलाच्या लोखंडी कोपऱ्यावरही तसाच डाग होता. अर्पिता गुडघ्यांवर बसली, त्याच्या नाकापाशी हात नेला. कोमट वारा लागला तसा तिच्या तोंडून आवाज फुटला.

"पंढरीकाका! नागेशभाऊ!"

वॉचमन पंढरी धावत आला, मागून मार्केटिंग बघणारा अमर आला, आणि शेवटी रविकांत सर. सर म्हणजे युनिटचे मालक आणि मुख्य शास्त्रज्ञ. त्यांनी दारातूनच आत पाहिलं. त्यांच्या पायांत नेहमीप्रमाणे नाडीचे बूट होते.

"जिवंत आहे?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "ॲम्ब्युलन्स बोलवा."

नागेशला स्ट्रेचरवर घालून आदिलाबादला नेलं. नेताना त्याचे पाय अर्पिताच्या डोळ्यांसमोरून गेले. मोज्यांचे तळ कोळशासारखे काळे झाले होते. ती गोष्ट तिच्या मनात अडकून बसली, पण विचार करायला वेळ मिळाला नाही. गाडी फाटकाबाहेर पडताच सरांनी पंढरीला कुलूप लावायला सांगितलं.

"पोलीस येईपर्यंत कोणी बाहेर जायचं नाही. मोबाईल इकडे द्या सगळ्यांनी. बाहेर उगाच अफवा नकोत."

गिऱ्हाइकांना दाखवायला केलेला एक काळा डबा सरांच्या टेबलावर असे. त्यात मोबाईल ठेवून झाकण लावलं की रिंग बंद. सरांनी चारही मोबाईल त्यात ठेवले, स्वतःचासुद्धा, आणि झाकण दाबलं.

"दांडी काल कोणी लावली?" त्यांनी विचारलं.

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. रोज सहा वाजता दांडी लावायचं काम अर्पिताचं होतं.

२

नेरडीगोंड्यापासून थोडं पुढे, हायवेच्या कडेला हे युनिट. पूर्वी तिथे कापसाचं जिनिंग होतं. अजूनही छताच्या कैच्यांमध्ये जुनी रुई अडकलेली दिसे. आता त्या शेडमध्ये काळा फोम बनतो. प्लास्टिकच्या लगद्यात कार्बनच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या नळ्या मिसळायच्या, त्यात हवेचे बुडबुडे अडकवायचे, आणि भट्टीत शिजवायचं. निघते ती हातभर लांबीरुंदीची पाटी. दोन बोटं जाड, पण उचलली तर हातात काही आहे असं वाटू नये इतकी हलकी. नळ्यांचं जाळं वीज वाहून नेतं, म्हणून मोबाईलच्या, रडारच्या लहरी तिच्यात शिरतात आणि आतच विरतात. बुडबुड्यांमधली हवा उष्णता पलीकडे जाऊ देत नाही. यंत्रं झाकायला अशी हलकी पाटी मिळाली तर जड पत्रा कोण घेईल?

काळी खोली याच पाट्यांनी मढवलेली. भिंती, छत, दार, सगळं. मोजण्या तिथेच होत. दार स्प्रिंगचं, आपोआप मिटणारं. आतून ढकललं की उघडे, पण बाहेरून दांडी लावली की मग आतल्या माणसाचा इलाज नाही. फोन लागत नाही, हाक ऐकू येत नाही.

म्हणून युनिटमध्ये एक रीत पडली होती. कार्बनची पूड बाहेर येऊ नये म्हणून तसेही सगळे दाराबाहेर चपला काढत. हळूहळू त्या चपलाच सूचनेची पाटी झाल्या. बाहेर चपला म्हणजे आत माणूस. दांडी लावण्याआधी खाली बघायचं, बस. नियमाच्या पुस्तकात 'दार उघडून पाहावे' असं लिहिलं होतं. पण पुस्तक कपाटात होतं आणि चपला समोर.

काल सहा वाजता अर्पितानं खाली पाहिलं होतं. चपला नव्हत्या. तिनं दांडी लावली होती.

"चपला नव्हत्या, सर," ती चौथ्यांदा म्हणाली.

"कारण त्या आत होत्या. त्यानं आत घालून नेल्या. चूक त्याचीही आहे, मी नाही म्हणत नाही." रविकांत सरांचा आवाज मऊ होता. त्यांनी एक टाईप केलेला कागद तिच्यापुढे सरकवला. "पण तू दार उघडून पाहिलं नाहीस. एवढंच लिहिलंय. निष्काळजीपणा. जामीन मी करतो, वकील मी देतो, नोकरीही महिन्याभरात परत. पण सही केली नाहीस, तर परवाचं भांडण निघेल. अमरनं ऐकलंय, पंढरीनं ऐकलंय. मग निष्काळजीपणावर भागणार नाही."

परवाचं भांडण. नागेश तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला होता, 'तुझा काटा बरोबर आहे ना? तुझ्या वजनांवर माझा भरोसा बसत नाही.' तीन वर्षांत तिच्या वजनावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. ती उखडली होती. 'माझ्या वजनावर बोलशील तर बघ, एक दिवस पस्तावशील,' असं भर शेडमध्ये ओरडली होती.

तिनं कागद वाचला. 'संध्याकाळी सहा वाजता आत कोणी आहे का हे न तपासता मी दार बाहेरून बंद केले.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. हीच त्या कागदाची गंमत होती. बाबा तहसिलीत क्लार्क, दुसऱ्यांचे कागद तपासण्यात त्यांचा जन्म गेला. घरातली पहिली विज्ञानाची पदवी तिची. आणि आता तिच्या नावाचा पहिला सरकारी कागद हा असणार होता.

फाटकाला कुलूप होतं, फोन डब्यात होता, आणि समोर खरं बोलणारा कागद. तिनं पेन उचललं.

"थांब," दारातून आवाज आला. "माझा अहवाल होईपर्यंत सही करू नकोस."

३

भाग्यश्री मॅडम आदिलाबादच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. युनिटच्या सुरक्षा समितीत बाहेरचा एक सदस्य लागतो, तो त्या. तीन महिन्यांतून एकदा येत, आग विझवायचे सिलिंडर बघत, चहा पीत, जात. पन्नाशीच्या, बुटक्या, खांद्याला कापडी पिशवी. अपघात झाला की त्यांना कळवणं सरांना भागच होतं.

"पोलिसांची जीप धुक्यात अडकली आहे," त्या म्हणाल्या. "पुढे कंटेनर आडवा झालाय. तास-दीड तास सहज. तोवर मी माझा अहवाल लिहिते. रविकांत सर, तुमची हरकत नाही ना?"

"हरकत कसली? पण सगळं सरळ आहे."

"मग लवकर आटपेल."

येताना त्या दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. नागेश शुद्धीवर नव्हता. डॉक्टर नक्की काही सांगत नव्हते. त्याची बायको रूपाली बाहेर बाकावर बसली होती.

"तिनं मला एक काम सांगितलंय," मॅडम म्हणाल्या. "त्याचा चष्मा शोधून आणा म्हणाली. जागा झाला तर दिसायचं नाही त्याला. आणि हा निरोप दाखवला. मी फोटो काढून घेतला."

पंढरीनं त्यांचा मोबाईल गोळा केला नव्हता. त्या फाटकातून आल्या तेव्हा त्याला ते सुचलं नव्हतं, किंवा सुचूनही त्यानं केलं नव्हतं. मॅडमनी स्क्रीन सगळ्यांसमोर धरला. नागेशचा निरोप होता: 'करंट गेली. आली की एक मोजणी करतो, मग निघतो. भरीत कर, तिखट जरा बेतानं.' रूपालीच्या फोनवर आल्याची वेळ पाच एकेचाळीस.

"बघा," रविकांत सर म्हणाले. "पाच एकेचाळीसला तो शुद्धीवर होता आणि खोलीबाहेर होता. आतून निरोप जातच नाही. म्हणजे तो त्यानंतर आत गेला. सहा वाजता हिनं दांडी लावली. मधे वीस मिनिटं."

अर्पिताला आपल्याभोवती दार मिटल्यासारखं वाटलं.

"रात्री घरी आला नाही तर रूपालीनं चौकशी केली नाही?" अमरनं विचारलं.

"फोन लागेना. पण काम पडलं की तो इथेच झोपायचा, म्हणून ती निवांत होती. भरीत झाकून ठेवलं होतं म्हणाली." मॅडमनी वही उघडली. "आता एकेकाशी बोलते. अर्पिता, आधी तू."

बाजूच्या खोलीत दोघी समोरासमोर बसल्या.

"काल दुपारी तू कुठे होतीस?"

"तीनपासून भट्टीवर, मागच्या शेडमध्ये. पावणेसहाला हात धुतले, सहाला दांडी लावली."

"सकाळी दार उघडल्यावर काय दिसलं? जे दिसलं तेच सांग, जे वाटलं ते नको."

अर्पितानं सांगितलं. चपला. रक्त. टेबलाचा कोपरा. मग ती थांबली.

"मॅडम, एक गोष्ट. त्याच्या मोज्यांचे तळ काळे होते."

"म्हणजे?"

"आत पूड असते. चपलांशिवाय चाललं की तळ काळे होतात. चपला घालून आत गेला असता तर मोजे स्वच्छ राहिले असते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तो चपला बाहेर काढून आत गेला. तुमच्या रीतीप्रमाणे."

"हो. पण मग त्या आत..." अर्पिताचं वाक्य तिथेच अडलं.

"आत चालत तर गेल्या नाहीत," मॅडम म्हणाल्या.

४

पंढरी सीमेवरच्या गावचा. घरी कापूस आणि ज्वारी, इथे वॉचमनकी. तो हात जोडून उभा राहिला.

"बसा, काका. काल करंट किती वेळा गेली?"

"एकच डाव, मॅडम. चार वाजून पाच मिन्टाला गेली. मी डायरीत लिवतो, डिझेलचा हिसाब राह्यते ना. जनरेटर लेकाचं थंडीनं चालूच होईना. चार वीसले चालू झालं."

"संध्याकाळी नंतर नाही गेली?"

"नाई. रातभर नाई गेली."

मॅडमनी वहीत एक रेघ ओढली. "मग तुम्ही शेडमध्ये गेलात?"

पंढरीनं दाराकडे पाहिलं. "गेलतो."

"काळ्या खोलीवरून?"

"हो."

"चपला होत्या?"

पंढरीनं उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं. मग हळूच म्हणाला, "होत्या, मॅडम. नागेशच्याच. अंगठा शिवलेल्या. म्या सोताच मोच्याकडून शिवून आणून देल्या होत्या."

"मग सकाळपासून काऊन नाही बोललात, काका?" अर्पिता दारात उभी होती. तिचा आवाज चिरकला.

"पोरी, कोणी इचारलंच नाई! आन् सायेब म्हणे, जनरेटर पंधरा मिन्टं उशिरा चालू केलं हे पोलिसाले कळलं तं तुह्यावरच येईल. अंधारात पडला ना पोरगा. मले वाटलं, माह्याच गळ्यात येते." त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "तू कागदावर दस्तखत केली का?"

"नाही अजून."

"नको करू मायं."

मॅडम उठल्या. "चार वीसला चपला बाहेर होत्या. सहाला नव्हत्या. चला, खोली बघू."

काळ्या खोलीत मॅडम एकट्या शिरल्या. दार अर्पितानं दोन्ही हातांनी धरून ठेवलं. आतून बॅटरीचा उजेड इकडेतिकडे फिरत राहिला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात काडेपेटीएवढी एक पांढरी डबी होती.

"ही काय टिपते?"

"आतलं तापमान. दर मिनिटाला. पाट्या उष्णता किती धरतात ते बघायला आहे. ती बॅटरीवर चालते."

"सरांना माहीत आहे?"

अर्पितानं आठवून पाहिलं. "डबी नागेशभाऊनं मागच्या आठवड्यात लावली. मला आणि त्यालाच माहीत असेल."

डबी ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडली. पडद्यावर एक निळी रेघ उमटली. मॅडम तिच्यावरून बोट फिरवत गेल्या, आणि एका जागी थांबल्या.

"अर्पिता," त्या अगदी हळू म्हणाल्या, "पाच चाळीसला हे काय झालं?"

५

अमरला बसवत नव्हतं. तो खुर्चीच्या काठावर टेकला.

"मॅडम, मी काल पाच वीस ते सहा सलग व्हिडिओ कॉलवर होतो. हैदराबादची पार्टी. सहा वाजता त्यांची सही ठरलेली. मी लॅपटॉपवर इथे, सर मोबाईल घेऊन शेडमध्ये फिरत होते, पार्टीला भट्टी, मशिनरी सगळं दाखवत."

"कॉल मधे तुटला?"

"माझा नाही. पार्टीचाही नाही. सरांचं चित्र तेवढं अडकलं एक-दीड मिनिट. मी पार्टीला म्हटलं, आदिलाबादचं नेटवर्क आहे साहेब, सांभाळून घ्या. हसले ते."

"किती वाजता?"

"तेव्हाच मी सरांना निरोप टाकला होता. मोबाईल डब्यात आहे, पण लॅपटॉपवर दिसेल." त्यानं लॅपटॉप फिरवला. त्यावर होतं: 'सर, अडकलात.' पाच चाळीस.

मॅडमनी त्या दोन शब्दांकडे जरा वेळ पाहिलं.

"लॅपटॉप आणि सरांचा मोबाईल, दोन्ही एकाच वायफायवर?"

"हो."

"मग एक काम करू. मी माझ्या मोबाईलवरून त्याच वायफायवर तुम्हाला व्हिडिओ कॉल लावते आणि शेडभर फिरते. तुम्ही बघत राहा. चित्र थांबलं की हाक मारा."

त्या फिरल्या. भट्टीपाशी, जनरेटरपाशी, संडासामागे, कैच्यांखाली. अमरनं एकदाच हाक मारली. त्या काळ्या खोलीत शिरल्या आणि मागे दार मिटलं, तेव्हा.

परत येताना त्यांनी गोदामातून एक पाटी काखेत मारून आणली. पार्टीला पाठवायच्या खोक्यातली. अर्पिताच्या सवयीप्रमाणे तिच्या कोपऱ्यावर पांढऱ्या पेन्सिलीनं वजन लिहिलेलं होतं: १८१.

"हे तुझं अक्षर?"

"हो. भट्टीतून निघाली की मी लगेच लिहिते. मग पाट्या सरांच्या केबिनमध्ये जातात, वरचा पातळ थर ते स्वतः लावतात. त्यानं वजन फार तर ग्रॅमभर वाढतं."

"वजन कर."

अर्पितानं पाटी काट्यावर ठेवली. आकडा थरथरला आणि स्थिर झाला. एकशे शहाण्णव.

तिनं पाटी काढली, काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवली. एकशे शहाण्णव.

'तुझा काटा बरोबर आहे ना?' नागेशनं विचारलं होतं. तो तिच्यावर संशय घेत नव्हता. तो तिच्याकडे खात्री मागत होता. आणि तिनं भांडून त्याला तोंड उघडूच दिलं नव्हतं.

"पंधरा ग्रॅम," ती म्हणाली.

"कापायची का?" मॅडमनी विचारलं.

अर्पितानं पातं घेतलं आणि पाटी मधोमध चिरली. वरच्या थराच्या खाली, काळ्या फोमच्या आत, केसाएवढी बारीक, चकाकणारी एक रेघ होती. ॲल्युमिनियम.

फाटकाबाहेर हॉर्न वाजला. जीप आली होती.

"काका," मॅडम म्हणाल्या, "कुलूप काढायला पाच मिनिटं लावा. जनरेटरला लावली तशी."

"दहा लावतो," पंढरी म्हणाला.

६

रविकांत सर केबिनमध्ये बसले होते. समोर तो कागद, त्यावर पेन. मॅडम, अर्पिता आणि अमर आत आले.

"झाला अहवाल?"

"झाला. तुम्हाला आधी ऐकवते." मॅडम खुर्ची ओढून बसल्या. वर्गात बोलतात तशा बोलल्या, आवाज न चढवता. "नागेशनं निरोपात लिहिलं, करंट गेली. काल करंट एकदाच गेली, चार पाच ते चार वीस. म्हणजे निरोप तेव्हाच लिहिलाय. पोचला पाच एकेचाळीसला. दीड तास तो कुठे होता? त्याच्या मोबाईलमध्येच. कारण मोबाईल काळ्या खोलीत होता."

"हा तर्क झाला."

"हो. म्हणून दुसरा साक्षीदार शोधला." त्यांनी निळ्या रेघेचा कागद टेबलावर ठेवला. "माणूस म्हणजे शंभर वॉटचा दिवा. बंद खोलीत बसला की खोली तापते. तुमचा फोम उष्णता बाहेर जाऊ देत नाही, फार चांगला फोम आहे तो. तीन पन्नासला रेघ चढायला लागते. नागेश आत गेला. चढत राहते. तो बाहेर आला असता तर उतरली असती. उतरत नाही. आणि पाच चाळीसला एकदम खाली पडते. बाहेरची थंड हवा आत आली. कोणीतरी दार उघडलं. आत शिरल्यावर ते मागे मिटलं, आणि मिनिटभरानं पुन्हा उघडलं. तेवढ्यात अडकलेला निरोप सुटला. मग दार मिटलं आणि रेघ पुन्हा चढली. रात्रभर खाली आली नाही. तुमच्याच फोमनं त्याला थंडीतून वाचवलं."

सरांनी कागदाला हात लावला नाही.

"तो मोजणी करायला आत गेला, करंट गेली, रूपालीला दोन ओळी लिहिल्या. मोबाईल हातातून सुटला, तो मला टेबलाखाली पडलेला दिसला. त्या काळोखात वाकला आणि टेबलाचा कोपरा लागला. इथपर्यंत अपघात. दार तेव्हा नुसतं मिटलेलं होतं, दांडी नव्हती. पाच चाळीसला ज्यानं उघडलं, त्याला तो पडलेला दिसला. त्यानं हाक मारली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. त्यानं नागेशच्या चपला उचलल्या, आत नेऊन ठेवल्या, आणि दार मिटू दिलं."

"ह्याच्यात माझं नाव कुठे आहे?"

"पाच चाळीसला पार्टीच्या पडद्यावरून तुम्ही गेलात, सर. दीड मिनिट. या शेडमध्ये चित्र एकाच जागी थांबतं."

"गिऱ्हाइकाला खोली दाखवायला उघडली असेन, नंतर विचार बदलला."

"मग नागेश दिसलाच असेल."

अमर हळूच एक पाऊल मागे सरकला.

मॅडमनी चिरलेली पाटी टेबलावर ठेवली. चकाकणारी रेघ वरच्या बाजूला. "पत्रा लहरी परतवतो, फोम पितो. नागेशला मोजणीत परतणाऱ्या लहरी जास्त दिसत असणार, म्हणून तो वजनं तपासत होता. काल त्यानं आत एक पाटी कापली असेल. टेबलावर काळा चुरा आहे, पातं आहे, पाटी नाही. ती तुम्ही नेलीत. वीस मिनिटांनी सही होती."

"मला वाटलं तो संपलाय," रविकांत सर म्हणाले.

मऊपणा आवाजातून गेला होता. आता तो नुसता थकलेल्या माणसाचा आवाज होता.

"नाडी पाहिलीत?" मॅडमनी विचारलं.

सरांनी चिरलेली पाटी हातात घेतली.

"दहा वर्षं घातली मी यात. फोम खरा आहे, तुम्हीच म्हणालात. अजून एक वर्ष मिळालं असतं तर पत्र्याची गरजच पडली नसती. सही झाली की ते वर्ष मिळणार होतं. तो मेलेलाच असेल तर वीस मिनिटांनी सापडला काय, सकाळी सापडला काय..."

"सर." अर्पिता पहिल्यांदाच बोलली. "सहा वाजता मी येणार, हे तुम्हाला माहीत होतं. मी खाली बघते, हेही माहीत होतं. तुम्ही दांडीला हातसुद्धा लावला नाही. ती माझ्या हातानं लावून घेतली."

रविकांत सरांनी मान खाली घातली. ते स्वतःच्या बुटांच्या नाड्यांकडे बघत राहिले.

"तुम्ही चपला कधी काढल्याच नाहीत," ती म्हणाली. "काढल्या असत्या तर कळलं असतं, त्या आत कोणी नेत नाही."

पंढरीनं अखेर फाटक उघडलं.

७

जबाब, पंचनामा, पुन्हा जबाब यात दुपार टळली. टाईप केलेला कागद अर्पितानं फाडला नाही. त्याच्याखाली तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'नियम दार उघडून पाहण्याचा होता. मी फक्त चपला पाहिल्या.' मग सही केली आणि तो आपल्या जबाबाला जोडायला दिला. मॅडमनी वाचला. तिच्या पाठीवर हात ठेवला.

"चष्मा मिळाला नाही," त्या म्हणाल्या. "मी बॅटरीनं शोधला होता."

"मी बघते."

पोलिसांनी हरकत घेतली नाही, त्यांचे फोटो काढून झाले होते. अर्पितानं काळ्या डब्याचं झाकण उघडून आपला मोबाईल घेतला आणि काळ्या खोलीपाशी आली. सवयीनं चपला काढल्या. दार ओढलं. आत काळोख. स्प्रिंग मागून दार खेचत होती.

तिचा पाय उचलेना.

तिनं वाकून एक चप्पल उचलली आणि दाराच्या फटीत खुपसली. दार चपलेवर येऊन थांबलं. बोटभर उजेड आत पडला.

ती आत गेली. मोबाईलच्या प्रकाशात भिंतीलगत, टेबलामागे शोधत राहिली. चष्मा मोजणीच्या स्टँडखाली सापडला. एक काच तडकली होती. तिनं तो ओढणीनं पुसला.

हातातला मोबाईल थरथरला.

या खोलीत तीन वर्षांत तिचा मोबाईल एकदाही वाजला नव्हता. ती दचकली. दाराकडे पाहिलं. चप्पल जागेवर होती.

निरोप रूपालीचा होता. 'उठले. चष्मा मागून राह्यले. आन् विचारून राह्यले, अर्पिताचा काटा बरोबर होता ना.'

अर्पिता काळोखात उभी राहून हसली, मग रडली. तिथूनच तिनं उत्तर लिहिलं, 'बरोबर होता,' आणि ते गेल्याची खूण दिसेपर्यंत दाराच्या फटीकडे बघत राहिली.